मदत हवी आहे: स्कॅनवर आखलेले भाग नंतर शोधता येतील असं सॉफ्टवेअर

मंडळी, सीटी-एमआरआयच्या इमेजवर गाठ, सूज असे भाग आखून प्रत्येकाला माहिती जोडायचीय, कुठला अवयव, कसला बदल, कोणी आखलं, आणि नंतर "लिव्हरमधल्या सगळ्या गाठी" असं शोधलं की थेट तो भागच उघडायला हवा. आयटीके-स्नॅप या आखणीच्या सॉफ्टवेअरमध्ये आखणं छान होतं पण निफ्टी फाइलमध्ये (स्कॅनची इमेज साठवायचा एक फॉरमॅट) प्रत्येक व्हॉक्सेलला (थ्रीडी इमेजचा सगळ्यात छोटा ठोकळा) नुसता नंबर, नावं वेगळ्या फाइलमध्ये, ती हरवली की संपलं. थ्रीडी स्लायसर या तसल्याच सॉफ्टवेअरमधून डायकॉम सेगमेंटेशन (मेडिकल इमेजच्या डायकॉम फॉरमॅटमधली आखणीची फाइल) काढलं तर स्नोमेडचे (वैद्यकीय शब्दांची ठरलेली यादी) कोड आतच राहतात, हे जास्त पटतंय, नाहीतर एकजण "गाठ" लिहितो दुसरा "ट्यूमर" आणि शोधताना निम्मं सुटतं. पण ढीगभर फाइल्समध्ये सर्च कसा करायचा? ऑर्थँकमध्ये (डायकॉम फाइल्स साठवायचा सर्व्हर) हे आतले कोड शोधता येतात का, की वेगळा डेटाबेसच ठेवावा लागतो? कोणी केलं असेल तर प्लीज सांगा, ओपन सोर्स असेल तर उत्तमच.