दावा की खटला, आणि मंत्री नेमका ‘जबाबदार’ कशाला?

तर्जुमाकार: नागरिकशास्त्राच्या पुस्तिकेचं भाषांतर करतोय. उदाहरण दिल्लीचं आहे. डिसेंबर २०१५ मध्ये तेव्हाचे केंद्रीय अर्थमंत्री अरुण जेटलींनी दिल्लीचे तेव्हाचे मुख्यमंत्री केजरीवाल यांच्याकडे अब्रुनुकसानीची १० कोटींची भरपाई मागितली, शिवाय फौजदारी तक्रारही केली. मी लिहिलं, ‘मुख्यमंत्र्यांवर अब्रुनुकसानीचा खटला’. तपासणाऱ्या बाईंनी ‘खटला’ खोडून ‘दावा’ केला. पुढे अकाउंटेबिलिटीला मी ‘जबाबदारी’ घातलं, तर त्यांचं ‘उत्तरदायित्व’. जाणकारांनी सांगावं.

कोर्टाचीपायरी: भरपाईचा तो दावा. तिथे वादी-प्रतिवादी असतात, प्रतिवादी कैफियत, म्हणजे लेखी उत्तर देतो. फिर्यादी-आरोपी आले की खटला. या प्रकरणात दोन्ही होते, त्यामुळे दोघंही अर्धे बरोबर.

शुद्धाक्षरी: मुळात ‘मानहानी’ लिहा. अब्रू फारसी आहे. आब म्हणजे पाणी, रू म्हणजे चेहरा. फारसी शब्दांना पर्याय देणारा शिवकालीन राज्यव्यवहारकोश उगाच झाला का?

कोर्टाचीपायरी: दावा अरबी, फिर्याद फारसी. मग आम्ही वकिली सोडून भजनी मंडळ काढू?

वऱ्हाडी_मिरची: आमच्या आजीच्या तोंडी खटलं म्हणजे भरलं घर. ‘एवढ्या खटल्यात दिली पोरीले’ म्हणायची. कोर्टाचा खटला त्यातूनच आला असणार!

माजी_उपसंपादक: असणार म्हणजे, तुम्हाला वाटतं. असो. ‘जबाबदारी’त एक खोच आहे. ‘अपघाताला जबाबदार कोण’ यात जबाबदार म्हणजे दोषी. ‘मंत्री जबाबदार’ असा मथळा दिला तर निकालाआधीच शिक्षा झाल्यासारखं वाचतं. उत्तरदायित्व मात्र भाषणापुरतंच. बोलताना आपण ‘जाब विचारतो’. २०१७ मध्ये जाब विचारला गेला तो या दाव्यातले केजरीवालांचे वकील राम जेठमलानी यांच्या बिलावरून. ज्यांवरून दावा झाला ते दिल्लीच्या क्रिकेट संघटनेवरचे आरोप केजरीवालांनी मुख्यमंत्री म्हणून केले की स्वतःच्या नावावर? पहिलं असेल तर पैसे तिजोरीतून, दुसरं असेल तर खिशातून. हा फरक ना जबाबदारीत दिसतो, ना उत्तरदायित्वात.

कोर्टाचीपायरी: ग्राहक मंचाच्या (आताच्या ग्राहक आयोगाच्या) निकालपत्रांत ‘तक्रारदार विरुद्ध जाबदार’ असतं. छान शब्द आहे, वर्तमानपत्रं का वापरत नाहीत कोण जाणे.

शुद्धाक्षरी: जाबसुद्धा अरबीच.

वऱ्हाडी_मिरची: झालं यांचं सुरू. आपल्याकडे उलटंही झालंय. १९९८ मध्ये फिर्यादी होते मंत्री बबनराव घोलप, अन् तुरुंगात गेले जाब विचारणारे अण्णा हजारे.

तर्जुमाकार: तेही घेतो. पण मजकुरात पुढे आणखी एक अडचण आहे. मे २०१७ मध्ये उलटतपासणीत जेठमलानी जेटलींना ‘क्रुक’ म्हणाले आणि त्यावरून केजरीवालांवरच १० कोटींचा दुसरा दावा लागला. क्रुकला काय लिहू? भामटा?

माजी_उपसंपादक: भामटा नको. राजपूत भामटा ही भटक्या-विमुक्तांच्या यादीतली जमात आहे. इंग्रजांनी मारलेला ‘गुन्हेगार जमाती’चा शिक्का आपण किती दिवस वापरायचा?

वऱ्हाडी_मिरची: मग ‘भामट्याने लाखाला गंडवले’ या रोजच्या बातम्यांचं काय? वाचणाऱ्याच्या मनात जमात येतच नाही.

माजी_उपसंपादक: तुमच्या मनात येत नाही. ज्यांच्या दाखल्यावर तो शब्द आहे त्यांना विचारा. ‘लबाड’ लिहा.

कोर्टाचीपायरी: लबाड तर आपण पोरांनाही लाडाने म्हणतो. त्यावर १० कोटी कोण मागेल? ‘लुच्चा’.

शुद्धाक्षरी: ‘धूर्त’.

वऱ्हाडी_मिरची: धूर्त म्हटल्यावर मंत्री खूशच होईल की हो!