मदत हवी आहे: बेसमेंटमधली गांजाची झाडं अडकून बसलीयेत, मुळांना थंडी लागत असेल का?

बेसमेंटवाला
नमस्कार मंडळी. आधीच सांगून टाकतो, मी ओंटारिओत राहतो, इथे १७ ऑक्टोबर २०१८ पासून घरटी ४ झाडं लावायला परवानगी आहे आणि बियाही लायसन्सवाल्या दुकानातूनच आणल्यात, त्यामुळे पोलीस, भांग, होळी वगैरे जोक्स झाले असतील तर पुढे वाचा. भारतातल्या कोणी हे वाचून कुंडी भरायला घेऊ नका, तिकडे एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायदा आहे.

तर प्रॉब्लेम असा की बेसमेंटमध्ये झाडं वाढवायचा चार बाय चार फुटांचा टेंट आहे, एलईडी लाइट, कापडी कुंड्या, मातीऐवजी पीट (कुजलेलं शेवाळ) आणि पर्लाइट (हलके पांढरे खडे) यांचं मिक्स. टेंट थेट काँक्रीटच्या फरशीवर उभा आहे. नोव्हेंबरपर्यंत झाडं मस्त होती, आता बाहेर मायनस चालू झाल्यापासून जी अडकलीयेत ती अडकलीयेत. पानं गडद हिरवी, जरा निस्तेज, देठ जांभळे पडलेत, आणि माती ओली असूनही दुपारी पानं मान टाकतात. कुंडी उचलून बघतो तर तशीच जड, पाणी घातल्याला आठवडा होत आला तरी. भिंतीकडच्या दोघी जास्त आजारी, आतल्या दोघी त्यातल्या त्यात बऱ्या. टेंटमध्ये वर लटकवलेला थर्मामीटर २५ दाखवतो म्हणजे थंडी आहे असंही म्हणता येत नाही. फुलावर टाकायची, म्हणजे लाइट १२ तासांवर आणून कळे धरायला लावायची वेळ झालीये, टाकू का? आणि अशाने उत्पन्न किती घटतं?

हिरवा_अंगठा
देठ जांभळे म्हणजे फॉस्फरस कमी पडतोय. ब्लूमची (फुलोऱ्याच्या फॉस्फरसवाल्या खताची) बाटली आण, सोबत कॅलमॅग (कॅल्शियम-मॅग्नेशियम) दे, दुप्पट डोस, दोन पाण्यात फरक दिसेल.

ओटावाची_माळीण
थांबा थांबा, बाटली अजिबात उघडू नका. वरचा २५ विसरा, कुंडीच्या मधोमध किती आहे ते बघा आधी. किचनमधला टोचायचा थर्मामीटर असेल तर तो खुपसा, बोटभर नाही, चांगला खोल, आणि लाइट लागायच्या जरा आधी मोजा.

बेसमेंटवाला
बायकोचा केकचा थर्मामीटर चोरून मोजलं. भिंतीकडच्या कुंडीत १४, आतल्या कुंडीत साडेसोळा. हे इतकं वाईट आहे का?

ओटावाची_माळीण
मग झालं ना निदान! या झाडाला मुळाशी साधारण २० ते २४ आवडतं. त्याखाली गेलं की मुळं हळूहळू संप पुकारतात. एक तर गार पाणी जास्त चिकट असतं, १० डिग्रीचं पाणी २० च्या पाण्यापेक्षा जवळजवळ ३० टक्के जास्त, आणि दुसरं म्हणजे मुळांच्या पेशींमधून पाणी आत घ्यायची जी दारं असतात तीसुद्धा थंडीत किलकिली होतात. वर मात्र फर्नेसची कोरडी हवा आणि २५ डिग्री, म्हणजे पानातून पाणी उडतंय भराभर आणि खालून पुरवठा नाही. म्हणून ओल्या मातीत झाड सुकल्यासारखं दिसतं. आपण घाबरून अजून पाणी घालतो, मग मातीत हवाच उरत नाही, चिलटं होतात, मुळं सडतात.

फॉस्फरस मातीत असतो हो, गार मुळांना तो ओढता येत नाही. डोस दुप्पट केलात तर क्षार साचतील आणि पानांची टोकं जळतील, मग नवीन धागा काढायला लागेल. बाकी काही जातींना थंडीत जांभळा रंग येतोच, पण तुमची वाढच थांबलीये म्हणजे हे शोभेचं जांभळं नाही.

अजून एक, आधी तुमच्याकडे सोडियमचे दिवे होते का? जुने लोक म्हणतात 'आमच्याकडे असं कधी झालं नाही', कारण त्या दिव्यांची धग कुंडीपर्यंत पोचायची. एलईडी उष्णता तशी खाली फेकत नाही. टेंट उबदार, कुंडी गार.

निफाडचा_द्राक्षवाला
बेसमेंटवाले भाऊ, मला त्या झाडातलं काही कळत नाही आणि कळून घ्यायचं पण नाही 😄 पण तुम्ही जे लिहिलंय ते आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत दर दोन-तीन वर्षांनी बागेत बघायला मिळतं. निफाडचा पारा पाचच्या खाली उतरला की पांढरी मुळी चालायची बंद होते, मण्यांची फुगवण थांबते, आणि दुकानदार म्हणतो स्फुरद (तुमचा फॉस्फरस) सोडा, हे सोडा, ते सोडा. मुळी चालत नसेल तर काहीही सोडा, सगळं जागेवर पडून राहतं. आमच्याकडे पहाटे विहिरीचं पाणी ड्रीपनं सोडतात, ते हवेपेक्षा कोमट असतं, आणि बांधावर शेकोट्या करतात. तुम्ही घरात शेकोटी करू नका म्हणजे झालं. पण वाफसा आल्याशिवाय पाणी देऊ नका, हे कुंडीला पण लागू.

बेसमेंटवाला
वाफसा शब्द किती वर्षांनी ऐकला! आजोबा मातीचा गोळा दाबून बघायचे. काका, पाण्याचं लक्षातच आलं नव्हतं, मी सरळ नळाचं घालतो, आत्ता हात धरवत नाही इतकं गार येतं.

रूटडॉक्टर
इथे थोडा विरोध करतो. मी नुसत्या पाण्यात वाढवतो, बादलीत मुळं आणि एअर पंप, आणि आम्ही मुद्दाम पाणी १८-२० ला ठेवतो. गार पाण्यात ऑक्सिजन जास्त विरघळतो, २० डिग्रीला लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम, २५ ला ८ च्या आसपास. पाणी गरम झालं की पिथियम (मुळं सडवणारा बुरशीसारखा रोग) येतो आणि मुळं तपकिरी, चिकट. तेव्हा गरम म्हणजे चांगलं असं सरसकट सांगू नका.

ओटावाची_माळीण
बरोबर आहे तुमचं, पण तुमची बादली १८ ला आहे, यांची कुंडी १४ ला. आणि तुमच्याकडे पंप चोवीस तास हवा सोडतोय, यांची माती चिखल झालीये. तुमच्या बादलीतलं पाणी १४ ला गेलं तर तुमचीही झाडं बसतीलच. मी २८ कर म्हणत नाहीये, २१-२२ बस्स.

बेसमेंटवाले, करायचं काय तर आधी कुंड्या फरशीवरून उचला. काँक्रीट रात्रंदिवस उष्णता शोषत असतं. बांधकामाच्या दुकानात गुलाबी किंवा निळा फोम बोर्ड मिळतो, दोन इंची घ्या, टेंटच्या खाली पूर्ण पसरा. बऱ्याच वेळा तेवढ्यानेच काम होतं. नाही झालं तर रोपांची हीट मॅट, पण फोमच्या वर मॅट आणि मॅटवर ट्रे, नाहीतर तुम्ही बेसमेंटची फरशी तापवत बसाल. मॅट थर्मोस्टॅटशिवाय लावू नका, तळाची मुळं भाजतात, आणि त्याचा प्रोब टेंटमध्ये लटकवू नका, कुंडीत खोचा. प्लग जीएफसीआयचाच (शॉक लागायच्या आत वीज तोडणारा) हवा, पाण्याचा संबंध आहे. भिंतीपासून टेंट हातभर लांब सरकवा. पाणी आदल्या रात्री बादलीत भरून घरात ठेवा, कोमट झालं की मगच. आणि आत्ता लगेच पाणी नको, कुंडी हलकी होऊ दे.

बेसमेंटवाला
खूप आभार ताई. फुलावर टाकायचं काय? आणि उत्पन्नाचं?

ओटावाची_माळीण
अजिबात टाकू नका. उत्पन्नाचा आकडा कोणी सांगत असेल तर तो हवेत सांगतोय, जात, लाइट, कुंडी सगळ्यावर असतं ते. पण हिशोब सोपा आहे. आत्ता वाढीच्या काळात जो वेळ गेला तो थांबून भरून काढता येतो, चार आठवडे जास्त लाइट जळेल इतकंच. १२ तासांवर टाकल्यावर मात्र पुढचे दोन-तीन आठवडे झाड उंच होतं आणि मग सांगाडा ठरला तो ठरला. तेव्हा मुळं गार असतील तर फांद्या आखूड, कळे बारीक, आणि ते नंतर कशानेच भरून येत नाही. शेवटी शेवटी थंडी आणि दमट हवा एकत्र आली तर कळ्यात करडी बुरशी, तो वेगळाच ताप.

रूटडॉक्टर
यात एक भर. टाकाल तेव्हा लाइट संध्याकाळी ७ ते सकाळी ७ लावा. घर रात्रीच सगळ्यात गार असतं तेव्हा दिवे चालू राहतील, आणि विजेच्या टाइम ऑफ यूज (वेळेनुसार दर) प्लॅनवर असाल तर ओंटारिओत तेव्हाच ऑफ-पीक, म्हणजे स्वस्त रेट असतो. काळोखाच्या तासांत कुंडी किती उतरते ते एकदा मोजून ठेवा, खरं पाणी तिथे मुरतं.

हिरवा_अंगठा
बरं, मग माझी बाटली कॅन्सल 😅 पण आता जांभळी झालेली पानं परत हिरवी होतील का?

ओटावाची_माळीण
जुनी नाही होणार, ती बघूच नका. शेंड्याकडे बघा, नवीन पान चकचकीत आणि फिकट हिरवं निघालं आणि कुंडी दोन-तीन दिवसांत हलकी व्हायला लागली की समजायचं मुळी चालू झाली. खत तेव्हा, तेही अर्ध्या डोसने.

बेसमेंटवाला
ओके. फोम आणायला निघालोय, दुकान ९ ला बंद होतं. ४ बाय ८ ची शीट गाडीत बसत नाही ना? तिथेच कापून देतात का कोणाला माहितीये?

रूटडॉक्टर
खिशात कटर ठेव, पार्किंगमध्ये मधोमध रेघ मारून गुडघ्यावर मोडायची. सगळे तेच करतात.