तातडीचं: नळ थेंबथेंब सोडू की पाईपातलं पाणी उतरवू? (उद्या पहाटे निघतेय)

असाहिकावाची ताई (होक्काइदो), शुक्रवार, दुपारी ३:१०

मंडळी, उद्या पहाटे निघून संक्रांतीला टोकियोत पोचतेय. सोमवारची सुट्टी आहेच, मंगळवारी नेन्क्यू (भरपगारी रजा) टाकलीय. म्हणजे तीन रात्री घर बंद, हीटर बंद, आणि पाईपात पाणी गोठलं तर पाईप फुटायची भीती. गेल्या हिवाळ्यात कुठे गेलेच नव्हते, त्यामुळे हा प्रश्न कधी आला नाही.

न्हाणीघराच्या दाराशी जमिनीतून एक दांडा वर आलाय, त्याला फिरवायची मूठ. आधीच्या शिक्षकाने तिथे चिठ्ठी डकवून ठेवलीय: ‘मिझुनुकी! विसरू नकोस!!’ (मिझुनुकी म्हणजे पाईपातलं पाणी उतरवणं.) कुठल्या बाजूला फिरवायचं ते लिहायला मात्र तो विसरला. घरमालक फोन उचलत नाहीत. मुलांना सुट्टी, स्टाफरूममध्ये मी आणि क्योतो-सेन्सेई (शहर नव्हे, उपमुख्याध्यापक) दोघंच, आणि ते दुपारपासून फाटकापाशी बर्फ उपसताहेत.

नळ थेंबथेंब सोडला तर नाही का चालणार?

ता. क. तिळाच्या वड्या १२० झाल्यात. डबे परत कोण करणार ते आधी ठरवा, गणपतीसारखं नको.

नाना (निशी-कासाई, टोकियो), ३:२२

थेंबथेंब नको, शिसपेन्सिलीच्या टोकाएवढी धार ठेव. वाहतं पाणी गोठत नाही. मी इतकी वर्षं हेच करतोय, एकदाही पाईप फुटला नाही. हीटर मंद ठेवून गेलीस तर आणखी उत्तम.

माई (सप्पोरो), ३:४०

नाना, निशी-कासाईत पाईप फुटला नाही यात धारेचं कौतुक ते काय? असाहिकावात १९०२ च्या जानेवारीत उणे ४१ नोंदलंय, अख्ख्या जपानातला नीचांक. आता तितकं नसतं, पण उणे वीस काही नवलाचं नाही. बंद घरात तुमची ती धार बेसिनमध्येच गोठेल आणि वरून येणारं पाणी सगळ्या घरभर. आणि हीटर कसला मंद ठेवता? रॉकेलचा फॅनहीटर तीन तासांनी आपला आपण विझतो. रिकाम्या घरात रॉकेल पेटतं ठेवा, असला सल्ला तरी देऊ नका.

ताई, नीट वाच. मुठीपाशी बाण असेल. एका बाजूला ‘水’, म्हणजे पाणी चालू. दुसऱ्या बाजूला ‘抜’, म्हणजे पाणी उतरवणं. तिकडे फिरव, अगदी शेवटपर्यंत. अर्धवट ठेवलीस तर पाणी जमिनीत गळत राहतं आणि आवाजसुद्धा येत नाही. माझं तसं झालंय, बिल बघून ह्यांनी मीटर बिघडला म्हणून तक्रार केली होती. मग घरातले सगळे नळ उघड, गरम आणि थंड दोन्ही, म्हणजे वरून हवा शिरते आणि पाईपातलं पाणी खाली उतरतं. तोटीशी तळवा धरलास तर आत ओढल्यासारखं जाणवेल. ते जाणवलं की समज काम होतंय. शॉवर खाली सोड. संडासची टाकी रिकामी कर. भांड्यात आणि बेसिनच्या वळणात पाणी राहतंच, तिथे गोठण-विरोधक ओत, होमसेंटरमध्ये मिळतं. गीझरचं वेगळं असतं, त्याच्या पुस्तकात बघ.

सचिव, ३:५१

कृपया नोंद घ्यावी: घरासंबंधी प्रश्न ‘निवास’ यादीवर पाठवावेत, ही यादी कार्यक्रमांसाठी आहे. हिवाळी माहितीपत्रक मंडळाकडे आहेच.

माई, ३:५४

ते माहितीपत्रक मीच लिहिलंय. त्यातलं पाणी उतरवायचं पान छापताना ‘जागेअभावी’ कुणी काढलं, तेही नोंदवून ठेवा.

वहिनी (ओसाका), ४:०५

रॉकेलवरून आठवलं, आमच्याकडे १८ लिटरचा डबा निळा आणि गेल्या वर्षी नागानोला पाहिला तो लाल. आत काही वेगळं असतं का? लहानपणी रेशनच्या रांगेत डबा घेऊन उभं राहायचे, इथे नळी आपोआप थांबते ते बघून अजून गंमत वाटते.

ओबिहिरोचा मास्तर, ४:१८

वहिनी, रॉकेल तेच. पूर्वेकडे लाल, पश्चिमेकडे निळा, इतकंच. गेल्या वर्षीचं उरलेलं मात्र जाळू नका. पिवळसर पडलं किंवा आंबूस वास आला तर पंपावर नेऊन द्या.

ताई, माईंचं ऐक. फक्त एक जोड: परत आल्यावर आधी सगळे नळ बंद कर, मगच मूठ फिरव. मी पहिल्या वर्षी प्रवासातून दमून आलो, थेट मूठ फिरवली आणि कोट काढायला आत गेलो. वॉशिंग मशीनचा नळ उघडा राहिला होता. खालच्या मजल्यावरच्या आजींना मी अजून दर नववर्षाला संत्र्यांची पेटी देतो.

आमच्याकडे गंमत वेगळीच. शाळेच्या मैदानात स्केटिंगचा रिंक करतात, त्यासाठी पालक आणि आम्ही मास्तर रात्री बोचऱ्या थंडीत पाणी फवारतो, थर गोठला की पुन्हा फवारतो. शाळेत पाणी गोठावं म्हणून रात्र काढायची आणि घरी येऊन गोठू नये म्हणून पाणी उतरवायचं. आणि पहिल्या दिवशी बर्फावर आपटतो तो एकटा मीच, अख्खी तिसरी टाळ्या वाजवते.

नाना, ४:३०

मास्तर, तुम्ही स्केटिंगला हेल्मेट घालता का? घालाच. बाकी धारेबद्दल माझं मत कायम आहे. टोकियोत टीव्हीवर तेच सांगतात.

माई, ४:३३

टोकियोच्या टीव्हीवर टोकियोचंच सांगणार, नाना.

खजिनदार, ४:४५

१२० वड्या कमी पडतील असं वाटतं. मुलं धरून नावं १३८ आलीत. डब्यांबद्दल: कुणाचा डबा हरवल्यास मंडळ जबाबदार नाही. गणपतीचा विषय पुन्हा काढू नये ही विनंती.

असाहिकावाची ताई, ६:०२

मूठ फिरवली. ‘शेवटपर्यंत’ म्हणजे किती ते कळेना, दोन्ही हातांनी जोर लावल्यावर कुठे खट्‌ झालं. मोरीच्या नळाने खरंच तळवा ओढला, दचकलेच. वॉशिंग मशीनचा नळ जाम होता, क्योतो-सेन्सेईंनी फावडं बाजूला ठेवून पाना आणून दिला आणि मंगळवारी परतल्यावर फोन कर, मी येऊन बघतो म्हणाले. मास्तर, नळ आधी बंद करायचे हे दाराला आतून चिकटवलंय, बाण काढून.

खजिनदारकाका, आणखी वीस वड्या होतील, त्यापुढे गूळ नाही. डबे स्टीलचे पाच आहेत, झाकणावर आणि बुडाला दोन्हीकडे नाव घातलंय.