जोसेफची बोली आणि इंग्रजी कादंबरीचा संकेत

वाचनवेल्हाळ:
एमिली ब्राँटे यांची 'वदरिंग हाइट्स' (१८४७) वाचत आहे. म्हातारा नोकर जोसेफ बोलू लागला की गाडी अडते. 'शी'च्या जागी 'शू' येतो, 'नाइट'च्या जागी 'नीट', आणि 'द' या उपपदाचा नुसता 'ट्' उरतो. नेली डीन हीसुद्धा नोकरच, पण ती पानेच्या पाने प्रमाण इंग्रजीत कथा सांगते. यॉर्कशरमध्ये लोक खरोखरच असे बोलत होते, की धन्याने शुद्ध आणि गड्याने अशुद्ध बोलावे हा कादंबरीचाच संकेत आहे?

लीड्सनिवासी:
दोन्ही खरे आहे. ब्राँटे भगिनी यॉर्कशरमधल्या हॉवर्थ गावच्या, आणि जोसेफचा 'शू' त्याच मुलखातला आहे. एमिलीच्या मृत्यूनंतर १८५० ची आवृत्ती काढताना शार्लटने त्याचे बोलणे सौम्य केले, कारण दक्षिणेकडच्या वाचकांना ते समजणार नाही अशी तिला धास्ती होती. तेव्हा आपली प्रत कोणत्या पाठावरून छापली आहे, हे प्रस्तावनेत जरूर पाहावे. नेलीच्या बाबतीत मात्र, आपण पुष्कळ वाचले आहे असे तिच्याच तोंडून वदवून लेखिकेने स्वतःची सोय करून घेतली आहे.

संकेताचे मूळ मला स्पेलिंगमध्ये दिसते. उत्तर इंग्लंडमध्ये 'कप' आणि 'बस' हे शब्द 'कुप', 'बुस'च्या जवळ जातात. नैऋत्य इंग्लंडमधल्या सॉमरसेटचा शेतकरी 'फार्म'मधला 'र' आपल्यासारखाच स्वच्छ उच्चारतो, तर लंडनचा सुशिक्षित मनुष्य तो गिळून 'फाम' म्हणतो. म्हणजे लिहिल्याबरहुकूम बोलणारा खेडवळच, तरी पुस्तकात अक्षरे मोडली जातात ती त्याचीच. त्याहून खोडसाळ प्रकार म्हणजे 'वॉज' (was) किंवा 'सेज' (says) यांची स्पेलिंगे मुद्दाम चुकीची (woz, sez) छापणे. हे उच्चार राजवाड्यातही तसेच होतात; कानाला काहीच वेगळे ऐकू येत नाही, डोळ्यांना मात्र पात्र अडाणी दिसते.

टीपकागद:
डिकन्सचा ऑलिव्हर ट्विस्ट वर्कहाउसमध्ये, म्हणजे निराधारांच्या सरकारी आश्रयगृहात जन्मतो आणि गोरगरिबांत वाढतो, तरी त्याच्या तोंडी घरंदाज इंग्रजी. कॉकनी, म्हणजे लंडनच्या कष्टकऱ्यांची बोली, बोलतो तो त्याला चोरांच्या टोळीत नेणारा डॉजर. नायकाच्या सद्गुणाला बोलीचा डाग लागू द्यायचा नाही, असाच हा हिशेब आहे.

कादंबरीकार टॉमस हार्डी मला अधिक प्रामाणिक वाटतो. त्याच्या कादंबरीची (१८९१) नायिका टेस घरी बहुतांशी डॉर्सेटची बोली बोलते आणि बाहेर शाळेत शिकलेली इंग्रजी. उच्चार तंतोतंत कागदावर उतरवू गेल्यास त्यातला विचित्रपणाच नको इतका ठळक होतो, असे त्याने १८७८ मध्येच लिहिले होते. म्हणून तो बोली तोलतो ती शब्दांवर आणि वाक्यांच्या वळणावर.

तिसरी घंटा:
लीड्सनिवासी यांचे स्पेलिंगबद्दलचे म्हणणे मला अर्धेच पटते. 'पिग्मॅलियन' या नाटकात बर्नार्ड शॉने एलायझा या फुलवालीचे सुरुवातीचे बोलणे जसेच्या तसे लिहिण्याचा प्रयत्न केला आणि लंडनबाहेर ते कोणाला कळणार नाही, असे कंसात नमूद करून सोडून दिला. त्याच नाटकावरून पु. ल. देशपांडे यांनी 'ती फुलराणी' (१९७५) लिहिले, तेव्हा देवनागरीमुळे ही अडचण उरली नव्हती. परंतु लिपी उच्चारानुसारी असूनही आपल्या कित्येक ग्रामीण कथांत निवेदन प्रमाण भाषेत आणि बोली अवतरणचिन्हांत अशीच वाटणी असते, आणि 'ण'चा 'न' केला की माणसाची पायरी ठरते. तेव्हा खरा प्रश्न निवेदकाच्या भाषेचा आहे. स्कॉटिश लेखक जेम्स केल्मन यांनी 'हाउ लेट इट वॉज, हाउ लेट' या कादंबरीत निवेदनच ग्लासगोच्या बोलीत केले आणि अवतरणचिन्हे काढून टाकली. त्या कादंबरीला १९९४ चे बुकर मिळाले, तेव्हा परीक्षकांपैकीच एका बाईंनी जाहीर नाराजी व्यक्त केली होती.

लीड्सनिवासी:
निवेदनाचा मुद्दा मान्य. फक्त देवनागरीवर इतका भरवसा नको. जोसेफचा तो 'ट्' येथे आजही बाजारात ऐकू येतो, पण बहुतेकदा तो 'ट्' नसतोच: पुढच्या शब्दाआधी घशात आवाज क्षणभर अडतो, इतकेच. त्याच्यासाठी एमिलीजवळ अक्षर नव्हते, आणि आपल्याजवळही नाही.