‘आपोआप बुजतं’ म्हणणाऱ्यांनो, आधी इको (हृदयाची सोनोग्राफी) नीट वाचा

कोपरीची आई:
काल इथे एकाने लिहिलं, ‘कोरोनरी फिस्टुला वाढत्या वयात बुजतो, सर्जन उगाच छाती उघडतात.’ वाचून रात्रभर झोप नाही. फिस्टुला म्हणजे कोरोनरीतून, हृदयाच्या स्नायूला रक्त देणाऱ्या धमनीतून, भलतीकडे फुटलेली वाट. माझ्या लेकाची उजवी कोरोनरी थेट उजव्या जवनिकेत, हृदयाच्या खालच्या कप्प्यात, उघडत होती. हृदयाच्या स्नायूचं रक्त मधल्यामधे पळत होतं, धमनी फुगून माझ्या करंगळीएवढी झाली होती. एवढी मोठी वाट बुजायची वाट बघत बसायचं?

खारघरकर:
ते मीच लिहिलं. माझ्या मुलीची वाट जेमतेम दीड मिलिमीटर. तापात केलेल्या इकोत सापडली. त्रास शून्य. तिला का कापू?

ऐरोलीवाला:
बंद करायचीच तर जांघेतून कॅथेटर (बारीक नळी) घालून कॉइल, वाट बुजवणारी तारेची गुंडाळी, टाका. छाती कशाला?

कोपरीची आई:
कॉइलच ठरली होती हो! अँजिओत दिसलं, वाट नागमोडी आणि तोंडं दोन. मग सर्जरीच.

नौपाडा काका:
फिस्टुलावर भांडताय, पण निदानाला होणाऱ्या उशिराचं काय? माझ्या पुतणीला अल्कापा. डावी कोरोनरी महाधमनीऐवजी फुप्फुसाच्या धमनीतून निघालेली. दूध ओढताना कपाळावर घामाचे थेंब, दोन घोट घेतले की किंचाळायची. डॉक्टर म्हणाले गॅस, ग्राइप वॉटर द्या. ऑपरेशन झालं नाही तर यातली बहुतेक बाळं वर्षाची होत नाहीत.

ऐरोलीवाला:
आमच्याकडेही तेच. दोन मिनिटांत डॉक्टरांनी बाळाला बाहेर पाठवलं, स्टेथोस्कोप गळ्यातच.

वाशीची डॉक्टर:
सरसकट बोलू नका. अल्कापात मर्मर (हृदयाच्या ठोक्यातला जादा आवाज) नसतोही. काय ऐकणार?

नौपाडा काका:
घाम दिसतो ना? आईला विचारलं असतं तर महिना वाचला असता!

वाशीची डॉक्टर:
हे मान्य. विचारायलाच हवं. ईसीजीही काढायला हवा होता.

ऐरोलीवाला:
आणि खर्च?

नौपाडा काका:
खारघरच्या सत्य साई संजीवनीत मुलांच्या हृदयाची ऑपरेशनं मोफत होतात. आम्हाला हे उशिरा कळलं, घर गहाण पडल्यावर.

खारघरकर:
बरं, ‘उगाच’ हा शब्द मागे घेतो. मोठ्या फिस्टुलापुरता. मुलीची घाई मात्र करणार नाही.

कोपरीची आई:
करूही नका. पण इको चुकवू नका. फुगलेल्या धमनीत गुठळी होऊ नये म्हणून लेकाला अजून रोज अ‍ॅस्पिरिन देते, शाळेचा डबा भरायच्या आधी. तुमचा पुढचा इको कधी?

खारघरकर:
मार्चमध्ये होता. राहिला. उद्या फोन करतो.