नाकारणाऱ्याने लिहून द्यावं

विषय: सोलापूरहून – अक्कांचा हयातीचा दाखला
प्रेषक: मंडळाची माजी चिटणीस (सध्या मुक्काम दाजी पेठ, सोलापूर)

मंडळी, सप्रेम नमस्कार.

दिवाळीपुरती म्हणून आले ती अजून इथेच आहे. आईच्या गुडघ्यामुळे परतीचं तिकीट पुढे ढकललं. आमची खुशाली फोनवर कळतेच तुम्हाला. आज लिहिते आहे ती शेजारच्या अक्कांसाठी.

अक्का आमच्या भिंतीला भिंत लागून राहतात. घरात तेलुगू, बाहेर मराठी, आईशी बोलताना दोन्हीची सरमिसळ. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी विड्या वळल्या. मी शाळेतून यायचे तेव्हा त्या उंबऱ्यात मांडीवर सूप घेऊन बसलेल्या असायच्या. रात्री भिजवलेली पानं ओल्या फडक्यात, फरमा ठेवून कातरीने कापायची, चिमूटभर तंबाखू, वळसा, दोरा, आणि तर्जनीच्या नखाने तोंड मुडपायचं. नजर आमच्यावर, बोलणं चालू, हात आपले चाललेले. त्या मजुरीतून कापलेल्या फंडावर (भविष्यनिर्वाह निधी) आज त्यांना महिन्याला हजारावर थोडे रुपये पेन्शन मिळतं. बीपीच्या गोळ्या आणि चहा-साखर त्यातून भागते.

या पेन्शनसाठी वर्षातून एकदा आपण हयात असल्याचा दाखला द्यावा लागतो. अक्का त्यासाठी तीन खेपा घालून आल्या होत्या. चौथ्या खेपेला मी बरोबर गेले. काउंटरवरच्या मुलाने आधारशी ठसा जुळवायचं मशीन पुढे सरकवलं. उजवा अंगठा ठेवला, लाल दिवा. पदराला पुसून पुन्हा ठेवला, लाल. तो म्हणाला डोक्यावरून फिरवून ठेवा, म्हणजे केसांचं तेल लागेल. अक्कांनी तेही केलं. लाल. डावा अंगठा, दोन्ही तर्जन्या, सगळं झालं. पडद्यावर दर वेळी 300 हा आकडा येत होता. मी विचारलं, करंगळी लावून बघायची का? तो म्हणाला, "मॅडम, मागं लाइन बघा. होत नाही म्हणजे होत नाही. नंतर या."

"नंतर" म्हणजे कधी, हे त्यालाही माहीत नव्हतं. अक्का उठल्या आणि हळूच मला म्हणाल्या, "मी हितं समोर बसलेय की गं. तरी ते मला न्हाईच म्हणायलंय."

त्या रात्री मी त्यांचा हात दिव्याखाली धरला. उजव्या अंगठ्यावर आणि तर्जनीवर रेषाच नाहीत. कातडी घासून गुळगुळीत झाली आहे, उजेडात चकाकते. आपल्या अंगठ्यावर असतात तशी वर्तुळं त्यांच्या फक्त डाव्या करंगळीवर शिल्लक आहेत. ज्या कामावर पेन्शन मिळालं त्याच कामाने ते मागायची खूण पुसून टाकली, हे मला फार लागलं.

आणि सोलापुरात हे दुखणं एकट्या अक्कांचं कसं असेल? कुंभारीला विडी कामगार बायकांसाठी 10,000 घरांची वसाहत झाली. त्यानंतर असंघटित कामगारांसाठी 30,000 घरांचं रे नगर उभं राहिलं, त्यातली 15,000 घरं 19 जानेवारी 2024 ला पंतप्रधानांच्या हस्ते दिली गेली. त्या वसाहतींतून किती हात असे घासलेले असतील, विचार करा.

मशीन नको असं माझं म्हणणं नाही. त्या काउंटरवर मी एवढंच मागितलं की "अमुक तारखेला अक्का स्वतः आल्या होत्या, ठसा जुळला नाही" हे कागदावर लिहून, शिक्का मारून द्या. उत्तर आलं, "तसं काही देता येत नाही." म्हणजे चार खेपा घालूनही अक्का तिथे गेल्याची खूण कुठेच नाही. उद्या पेन्शन थांबलं तर कागदोपत्री दोष त्यांचाच, दाखला दिला नाही म्हणून. यावर तुमचं काय मत आहे ते मनापासून लिहा.

आपली,
दाजी पेठेची माहेरवाशीण

---

प्रेषक: एडिसनहून (न्यू जर्सी, अमेरिका), सॉफ्टवेअरवाला

ताई,

अक्कांच्या हाताचं वाचून माझी आजी आठवली. तिला हयातीच्या दाखल्यासाठी आम्ही खुर्चीसकट रिक्षात चढवून बँकेत न्यायचो. साहेब रजेवर असले की पुन्हा दुसऱ्या दिवशी तीच वरात. ही ओढाताण वाचावी म्हणूनच 10 नोव्हेंबर 2014 ला 'जीवन प्रमाण' म्हणजे हयातीचा डिजिटल दाखला सुरू झाला, आणि पुष्कळ म्हाताऱ्या माणसांची ती वाचली आहे. ही बाजूही ध्यानात ठेवूया. मेलेल्या माणसाच्या नावाने वर्षानुवर्षं पैसे उचलले जातात, तेही खोटं नाही.

मी ओळख पटवण्याच्या प्रणालींवरच काम करतो, म्हणून आतली गोष्ट सांगतो. ठशाचं मशीन बोटावरच्या उंचवट्या-खोलगटांतला फरक वाचतं. वयाने कातडी कोरडी होते, घासण्याने उंचवटे झिजतात. मग वाचायला उरतं काय? पडद्यावरच्या 300 चा अर्थ 'ठसा जुळला नाही' एवढाच. 'ही बाई ती नव्हे' असा तो होत नाही, पण काउंटरवर नेमका तोच अर्थ घेतला जातो. जुळणीची पट्टी सैल ठेवली तर भलताच माणूस आत येतो, कडक ठेवली तर खरा माणूस बाहेर राहतो. दोन्ही चुका एकदम शून्य करणारं मशीन अजून कुणी बनवलेलं नाही.

म्हणूनच 29 सप्टेंबर 2010 ला नंदुरबारच्या टेंभलीत पहिला आधार क्रमांक दिला गेला, तेव्हापासून दहाही बोटं, दोन्ही डोळ्यांची बुबुळं आणि चेहरा अशी सगळी नोंद घेण्याची पद्धत आहे. एक जुळलं नाही तर दुसरं वापरता यावं, हाच त्यातला हेतू. तुम्ही करंगळीचं सुचवलंत ते अगदी बरोबर होतं. आता चेहऱ्यावरून दाखला काढून बघा, साध्या अँड्रॉइड फोनवर होतो. अक्कांचा पीपीओ नंबर (पेन्शनच्या आदेशावरचा) हाताशी ठेवा आणि दिवसाउजेडी करा.

माझे वडील यंत्रमागावर चादरी विणायचे. जॅकार्डच्या भोकांच्या पत्त्यांवर नक्षी उठायची, आणि त्याच पत्त्यांची कल्पना पुढे कॉम्प्युटरने उचलली, म्हणून माझ्या धंद्याचं मूळ मी आमच्या शेडमध्येच धरतो. तिथे धागा तुटला की वडील माग थांबवून गाठ मारायचे आणि पुढे विणायचे. काउंटरवरच्या त्या मुलाला गाठ मारायला कुणी शिकवलंच नाही, आणि तो अधिकारही दिलेला नाही. माझ्या मते दुरुस्ती तिथे हवी.

---

प्रेषक: कार्यकारिणी सदस्या, प्रिन्स्टन

ताई, तुमचं पत्र वाचून मी एक गोष्ट कबूल करायचं ठरवलं.

माझ्या आईच्या आधारला आणि बँकेला नंबर माझा जोडलेला आहे. माझं जुनं भारतातलं सिम इथे रोमिंगवर चालू ठेवलंय. सोलापुरात सकाळी अकराला आई बँकेत उभी असते तेव्हा इथे रात्रीचा साडेबारा झालेला असतो. फोन वाजतो, मी अर्धवट झोपेत सहा आकडे सांगते, आई ते काउंटरवर सांगते. कित्येकदा कशासाठी म्हणून मी विचारलेलंही नाही.

2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमती मोकळेपणाने, नेमक्या कारणासाठी आणि समजून-उमजून दिलेली असावी असं लिहिलं आहे. आमच्या घरात सही आईची आणि होकार माझा, तोही झोपेतला. मी हे सोय म्हणून केलं होतं. पण आईला तिच्याच पैशांच्या व्यवहारातून मी बाजूला केलं, हे तुमच्या अक्कांमुळे मला कळलं. या महिन्यात भाऊ तिला बटणांचा फोन घेऊन देतोय, नंबर तिचा तिला जोडून घेतोय. आकडे ठळक दिसतात का ते तेवढं दुकानात बघून घे म्हटलंय.

---

प्रेषक: वकीलकाका (पूर्वी सोलापूर, आता मुलाकडे)

चि. ताई, अनेक आशीर्वाद.

तुम्ही मागितलेला कागद ही मेहेरबानी नव्हे, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यासाठी तुम्हाला अक्कांच्याच धंद्यातली एक हकीकत सांगतो.

विडी कारखान्याच्या मालकांचं पूर्वीपासून म्हणणं होतं की घरी बसून विड्या वळणाऱ्या बायका आमच्या कामगार नाहीतच. आम्ही त्यांच्या डोक्यावर उभे राहून काम करून घेत नाही, मग आमची देखरेख कुठली आणि फंड कसला? हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. पी. एम. पटेल अँड सन्सच्या खटल्यात 1985 साली न्यायालयाने सांगितलं की वळलेली विडी कारखान्यात आल्यावर ती तपासून नाकारण्याचा हक्क मालकाकडे आहे, आणि तेवढी देखरेख पुरे. घरी काम करणारी बाईसुद्धा फंडाच्या कायद्याखाली कामगारच. म्हणजे छाट (बाद ठरवलेल्या विड्या) काढण्याचा हक्क हाच मालकाच्या जबाबदारीचा पुरावा ठरला! अक्कांचं आजचं पेन्शन त्या निकालाच्या पायावर उभं आहे. विडी कामगारांच्या 1966 च्या कायद्याखालच्या नियमांत छाटीलासुद्धा टक्केवारीची मर्यादा घातलेली होती. आमच्या काळात कारखान्याच्या दारात छाटीवरून रोज भांडणं व्हायची, आणि ती भांडता यायची, कारण विड्या मोजून पुढ्यात पडलेल्या असायच्या. नाकारलेलं डोळ्यांना दिसत होतं.

तोच न्याय इथे लावा. मशीनवर अक्कांना नाकारण्याचा हक्क ज्याने घेतला, त्याने त्या नकाराची जबाबदारीही घेतली पाहिजे, आणि किती, कधी, का नाकारलं ते दाखवलं पाहिजे.

आता आधारचा निकाल. 26 सप्टेंबर 2018 ला पाच न्यायमूर्तींच्या पीठाने चार विरुद्ध एक अशा मताने आधार कायदा मुख्यतः उचलून धरला, न्या. चंद्रचूड यांचं मत वेगळं होतं. पण त्याच बहुमताच्या निकालात दोन गोष्टी आहेत, त्या कुणी वाचत नाही. एक, यंत्रावर ओळख पटली नाही एवढ्यावरून पात्र माणसाचा लाभ अडू नये, दुसऱ्या मार्गाने ओळख पटवण्याची सोय हवी. दुसरी, माणसाने कमावलेला लाभ आधार कायद्याच्या कलम 7 खाली (सरकारी लाभासाठी आधार मागण्याची तरतूद) येत नाही, आणि तिथे उदाहरणच सरकारी कर्मचाऱ्याच्या पेन्शनचं दिलं आहे. अक्का सरकारी नोकर नव्हेत, मान्य. पण त्यांचं पेन्शन कमावलेलं नाही असं कोण म्हणेल? हे माझं वाचन आहे, उलट वाद घालणारे वकील मिळतील.

आपल्याकडे 2015 चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायदा आहे. त्यात अर्जाची पोच द्यावी लागते, अर्ज फेटाळला तर कारण लेखी द्यावं लागतं, वर अपील करता येतं, आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड होऊ शकतो. भविष्यनिर्वाह निधी केंद्राकडे असल्यामुळे तो कायदा अक्कांच्या कामी येणार नाही. पण जे तलाठ्याकडून अपेक्षित आहे ते मशीनच्या मागे बसलेल्याकडून का नको? हा प्रश्न मंडळाने लेखी विचारावा असं मला वाटतं. परदेशात राहतो म्हणून गप्प बसायचं कारण नाही, आपल्या सगळ्यांचे आई-वडील त्याच रांगेत आहेत.

---

प्रेषक: मंडळाची माजी चिटणीस (दाजी पेठ)

मंडळी,

काका, तुमचं पत्र मी अक्कांना वाचून दाखवलं. छाटीचं आलं तिथे त्यांनी मला थांबवलं आणि परत वाचायला लावलं. मग म्हणाल्या, "आमची छाट तिथंच मोडून टाकायचे ओ, घरी देत नव्हते. पण मोजून तर दाखवायचे."

दादा, तुम्ही सांगितलंत तसं चेहऱ्यावरून करून पाहिलं. अक्कांची नात पॉलिटेक्निकला आहे, तिच्या फोनवर. घरात अंधार म्हणून पहिल्यांदा जमलं नाही. मग पाट अंगणात घातला, अक्कांनी तोंड धुऊन कुंकू लावलं, पदर नीट केला, जणू फोटोच काढायचा आहे. डोळ्यांची उघडझाप करा म्हटल्यावर त्या आधी घट्ट मिटून बसल्या. तिसऱ्या वेळी वर्तुळ हिरवं झालं. सगळं मिळून दहा-बारा मिनिटं लागली, पैसा एक नाही. दाखला आता वर्षभर चालेल.

मला आनंद झाला आणि रागही आला. हा मार्ग होता, तर चार खेपांत एकदाही कुणी तो का सांगितला नाही? ज्या अक्कांच्या शेजारी मी नाही आणि ज्यांची नात शिकलेली नाही, त्यांनी काय करायचं? म्हणून काकांचं म्हणणं मला पटतं. मशीन सुधारेल तेव्हा सुधारो. आज माणसाला परत पाठवताना हातात कागद मिळाला पाहिजे. तारीख, वेळ, कोणकोणती बोटं लावली, पडद्यावर कोणता आकडा आला, दुसरा कोणता मार्ग सुचवला, खाली नाव आणि शिक्का. अर्ध्या पानात मावतं हे. कागद द्यावाच लागणार म्हटल्यावर करंगळीही लावून बघितली जाईल.

असा मसुदा मी तयार केला आहे. मंडळाच्या लेटरहेडवर तो पेन्शनच्या कार्यालयाला आणि आपल्या खासदारांना पाठवावा, असा ठराव मी मांडते. इथल्या विडी कामगारांच्या संघटनेलाही प्रत देईन, त्यांना या कामाची खाचखोच माझ्यापेक्षा जास्त कळते. सोबत चेहऱ्यावरून दाखला कसा काढायचा याचं मराठी आणि तेलुगू पत्रक करायचं आहे. तेलुगू अक्कांची नात लिहून देणार आहे, मराठी दादांनी तपासावं.

अक्कांनी दाखल्याची छापील प्रत मागून घेतली. फोनमध्ये आहे म्हटलं तरी ऐकेनात. त्यांच्या पत्र्याच्या डब्यात विडीचं जुनं लॉगबुक आहे, त्याच्या मध्ये घडी करून ती ठेवली.

मसुद्यात बदल सुचवायचे असतील तर शुक्रवारपर्यंत कळवा. शनिवारी टपालात टाकते.

आपली,
दाजी पेठेची माहेरवाशीण