शब्दचर्चा: ‘वेस्टर्न’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: मूकपटांच्या काळातला नट टॉम मिक्स याच्यावर लेख लिहितेय. शीर्षक होतं ‘वेस्टर्न चित्रपटांवरचा ठसा’. तपासणाऱ्यांनी ‘वेस्टर्न’चं ‘पाश्चात्त्य’ केलं आणि आत सगळीकडे ‘काऊबॉय’ खोडून ‘गुराखी’ घातलं. पटत नाही, पण दुसरं सुचतही नाही.

— ‘पाश्चात्त्य’ साफ चूक. त्यात इटलीतला कौटुंबिक चित्रपटही येईल. हा ‘वेस्ट’ म्हणजे मिसिसिपीपलीकडचा अमेरिकेचा मुलूख, तोही मुख्यतः एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला. भयपट, युद्धपट तसं ‘वेस्टर्नपट’ लिहा.

— ‘पश्चिमपट’?

— कुणी म्हणत नाही. शिवाय १९०३ चा ‘द ग्रेट ट्रेन रॉबरी’ हा सुरुवातीचा वेस्टर्नपट बराचसा न्यू जर्सीत, म्हणजे पार पूर्वेला चित्रित झालेला. मिक्सही जन्मानं पेनसिल्व्हेनियाचा. दिशेचा मुद्दा तेव्हाच निकालात निघाला!

— ‘स्टंटपट’ आपल्याकडे रुळलेला शब्द आहे की.

— मिक्सच्या चित्रपटांचं वर्णन म्हणून चालेल, प्रकाराचं नाव म्हणून नाही. स्टंटपटात आपली १९३५ ची ‘हंटरवाली’ही बसते.

— ‘गुराखी’बद्दल जरा सविस्तर. गुराखी म्हटलं की हातात काठी, खांद्यावर घोंगडी आणि गावची पाच-पन्नास गुरं. टेक्सासातून हजारो गुरं रेल्वेपर्यंत हाकत नेणाऱ्यांना एक वेळ तो शब्द लावता येईल. मूकपटांतलाच दुसरा काऊबॉय नट विल्यम एस. हार्ट, त्याच्या चित्रपटांत त्या मुलखाची धूळ दिसते. मळके कपडे, रया गेलेली गावं. मिक्सनं ती धूळ झटकून टाकली. नक्षीदार शर्ट, हातमोजे, भली उंच टोपी आणि टोनी नावाचा घोडा. ओक्लाहोमातल्या मिलर बंधूंच्या ‘१०१ रँच’ या गुरं पाळण्याच्या मोठ्या जागेवर तो राहिलेला, त्यामुळे घोड्यावरची मांड अस्सल. पण पडद्यावर गुरांशी त्याचं फारसं देणंघेणं नाही. १९२७ मध्ये हॉलिवूडच्या चायनीज थिएटरसमोर ओल्या सिमेंटात त्याच्या ठशांसोबत टोनीच्या टापाही उमटवल्या. (आमच्याकडे बैलांना पोळ्यापुरताच मान!) पुढे जीन ऑट्री, रॉय रॉजर्स आले तेही असेच नटूनथटून, आणि घोड्याचंही नाव झालेलं: चॅम्पियन, ट्रिगर. लेख या ठशाबद्दल असेल तर ‘गुराखी’ लिहून मूळ मुद्दाच मारला जातो. ‘काऊबॉय’च ठेवा.

— हार्टसाठी ‘गुराखी’ आणि मिक्ससाठी ‘काऊबॉय’, असं करू?

— नको, वाचक गोंधळेल. फरक वर्णनातून येऊ द्या.

— आणि ‘टेन-गॅलन हॅट’? तिथे ‘दहा गॅलनची टोपी’ केलंय.

— ‘उंच काऊबॉय टोपी’ पुरे. दहा गॅलन म्हणजे जवळपास ३८ लिटर. त्या टोपीत तीन लिटर पाणी मावलं तरी खूप.